लोडरचा ट्रॅक्टर घेण्यापूर्वीं

हल्लीं कऱ्हाडच्या बाजारांत चार शेतकरी एकत्र बसले म्हणजे बोलणें उसाच्या दरावरून निघून ट्रॅक्टरावर येतें, आणि अलीकडे तर पुढें लोखंडी हात व बादली लाविलेल्या लोडरच्या ट्रॅक्टरापर्यंत जातें. शेणखत भरावें, वैरण उचलावी, कारखान्याची मळी शेतांत आणून टाकावी, आणि एरवीं तोच ट्रॅक्टर नांगरास जुंपावा, अशी ही कल्पना आहे. कल्पना वाईट नाहीं. आम्ही लोखंडाचे वैरी नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रथम निघाला तेव्हां लोखंडानें जमीन नासते असें म्हणणारेहि होते. १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि पुढें त्याच नांगरानें या प्रांतांतील हरळी निघाली. तेव्हां यंत्र नको असें म्हणण्याचा हा लेख नव्हे. कोणतें यंत्र घ्यावें हें विचारण्यापूर्वीं त्यास वर्षांतून किती तास काम देतां येईल हें विचारावें, इतकेंच आमचें म्हणणें आहे. आणि त्याचें उत्तर दुकानदाराच्या पत्रकांत नसून आपल्या सातबाऱ्यांत असतें.

प्रस्तुत लेखकाची उमर महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांत ट्रॅक्टरच्या कर्जाचा बोजा चढे तेव्हां शेतकरी पेढे घेऊन कचेरींत येई. तो बोजा कमी करावयास पुष्कळ वेळां त्याचा मुलगा येई. १९६१ च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्याप्रमाणें, १९७५ च्या दुरुस्तीनंतर, पांच माणसांच्या कुटुंबास बारमाही पाण्याची जमीन १८ एकरांहून अधिक ठेवतां येत नाहीं. ही झाली वरची मर्यादा. २०१५-१६ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्रांतील सरासरी वहिवाट १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास, भरली. एवढ्या जमिनीवर लोडर काय करणार, याचा हिशेब कोणीहि घरीं मांडून पाहावा.

समजा, गोठ्यांत चार मोठीं जनावरें आहेत. दर जनावरामागें रोज सुमारें १५ किलो शेण धरलें तर वर्षाचें सुमारें २२ टन होतें. कुजून तें निम्म्यावर येतें. तीन टनांच्या ट्रॉलीनें चार खेपा! चार गडी एक ट्रॉली तासा-दीड तासांत भरतात. म्हणजे एका दिवसाच्या मजुरीच्या कामासाठीं आपण कित्येक वर्षांचे हप्ते पत्करतों. शिवाय ज्यास आपण सारे जेसीबी म्हणतों तें यंत्र आतां गांवोगांव तासाच्या भाड्यानें मिळतें.

वैरणीची गोष्ट याहून निराळी नाहीं. परदेशांत गवताचे तीनशें ते पांचशें किलोंचे गोल गठ्ठे बांधतात. तेथें लोडराशिवाय गति नाहीं. आपला कडबा पेंढीनें बांधला जातो, शेकड्यावर विकला जातो आणि गंज हातानें रचली जाते. लोडरच्या काट्यानें पेंढ्या उचलूं गेल्यास कित्येक वाटेंतच सुटतात. पाचटाच्या किंवा गवताच्या लहान चौकोनी गांठी वीस-पंचवीस किलोंच्या. त्या एक गडी उचलून ट्रॉलींत टाकतो. (पाचट मुळांत विकूंच नये, हेक्टरीं आठ-दहा टन निघतें, तें खोडव्याच्या सरींत कुजूं द्यावें, हें आमचें मत वाचकांस ठाऊक असेलच.)

मग लोडर कोणास उपयोगी? ज्याचा गोठा चाळीस-पन्नास जनावरांचा आहे त्यास. ज्या भावकीचीं शेतें लगत असून पटतेंहि त्यांस. आणि विशेषतः एखाद्या सोसायटीस, जी तो पंधरा-वीस सभासदांस पाळीपाळीनें देईल. अशांनीं घेतांना कांहीं गोष्टी निक्षून पाहाव्या.

दुकानदार ‘पंधराशें किलो उचलतो’ असें सांगतो. तो आकडा बहुधा मागील लिफ्टचा असतो, लोडरचा नव्हे. लोडर पूर्ण उंचीवर, बादलीसकट, किती भार पेलतो हें लेखी मागावें. दुसरें म्हणजे, बादलींतील भार पुढच्या आंसाच्याहि पुढें लोंबतो. त्यामुळें पुढचा आंस दबतो आणि मागचीं चाकें हलकीं होतात. बहुतेक दोन चाकांच्या ओढीच्या ट्रॅक्टरांस ब्रेक मागच्याच चाकांस असतात. मागचीं चाकें हलकीं झालीं म्हणजे ओढहि गेली आणि ब्रेकहि गेला. याकरितां चाळीस ते पन्नास अश्वशक्तीचा, चारहि चाकांस ओढ असलेला, पॉवर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर घ्यावा. मागें सिमेंट-काँक्रिटनें भरलेली वजनाची पेटी अडकवावी. दोन्ही ब्रेकांचे पाय जोडून ठेवावे. आणि भरलेली बादली नेतांना ती जमिनीलगत असावी. लोडरच्या कामांत गाडी क्षणोक्षणीं पुढें-मागें करावी लागते. तेव्हां पुढचा व मागचा गिअर सहज बदलतो कीं नाहीं हें स्वतः बसून पाहावें, नाहीं तर वर्षभरांत क्लच जातो. लोडर दोघांनीं थोडक्या वेळांत उतरवितां आला पाहिजे. उसाच्या सरींत तो घेऊन फिरणें म्हणजे निष्कारण पीक मोडणें.

हें सारें आम्ही पुस्तकांत वाचून लिहीत नाहीं. आमच्या पुतण्यानें दोन चाकांच्या ओढीचा ट्रॅक्टर घेऊन त्यास भलत्याच कारखान्याचा लोडर बसविला. नदीकडील उतारावर ओलें शेणखत भरून त्यानें बादली वर केली आणि मागचें एक चाक जमीन सोडून उठलें. सुदैवानें त्याचा हात दांड्यावर होता. बादली खालीं आपटली आणि तो वांचला. त्याच्या आईनें हें गोठ्याच्या दारांतून पाहिलें. पुढें दोन महिन्यांनीं पुढचा आंस मोडला, तेव्हां ट्रॅक्टरवाल्यानें ‘लोडर आमचा नव्हे’ म्हणून आणि लोडरवाल्यानें ‘आंस आमचा नव्हे’ म्हणून हात झटकले. दुरुस्ती घरच्या खर्चानें झाली. बोजा अद्याप सातबाऱ्यावर आहे.

म्हणून हमी एकाच पत्रावर, ट्रॅक्टर व लोडर दोहोंची मिळून, घ्यावी. आणि पैसे देण्यापूर्वीं यंत्र आपल्या गोठ्याशीं आणवून, पावसाळ्यानंतरच्या ओल्या खतावर, दोन ट्रॉल्या भरून दाखवावयास सांगावें. विक्रेता दुकानापुढील कोरडी वाळू उचलून दाखवूं लागला तर दुसऱ्या दुकानीं जावें.