नदीत सोडलेले औषध

शिंदखेडा तालुक्यात कपाशीवर जिवाणूजन्य करपा दिसला की कॉपर ऑक्सिक्लोराईडमध्ये स्ट्रेप्टोसायक्लिन मिसळून फवारावे, असा सल्ला शेतकऱ्याला वर्षानुवर्षे मिळत आला. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असते. यांपैकी पहिल्या औषधाने एके काळी क्षयरोग्यांचे प्राण वाचवले. तेच औषध पानांवर उडते, मातीत मुरते आणि पावसाबरोबर नाल्यांतून बुराईकडे व तापीकडे वाहते. या मिश्रणाच्या शेतीतील वापरावर बंदी घालण्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये काढला. दुकानदाराने दिले ते फवारणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र यात आरोपी करण्याचे कारण नाही.

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की सरकारी उपदेश रोग्याकडे बोट दाखवतो : गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून औषध घेऊ नका. उपदेश खोटा नाही; तो सोयीस्करपणे अपुरा आहे. अनेक प्रतिजैविकांचा मोठा भाग शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो. रुग्णालये, कुक्कुटपालन केंद्रे, गोठे आणि कारखाने यांच्या सांडपाण्यात तो साचतो. तेथे दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि आपल्या चिवटपणाचे जनुक दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊन टाकतात. म्हणून आयुष्यात एकही कॅप्सूल न गिळलेल्या माणसाच्या घागरीतही हे जंतू येऊ शकतात. धुळे शहराचे सांडपाणी पोटात घेणारी पांझरा मुडावदला तापीस मिळते, आणि मुडावद शिंदखेडा तालुक्यात आहे. शहराने सोडावे आणि खेड्याने भोगावे, ही वाटणी जुनीच.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूत काय आढळले, ते प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवे. सुमारे 90 औषध कारखान्यांचे पाणी ‘शुद्ध’ करणाऱ्या तेथील केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातील प्रमाणाहूनही अधिक होते. हे संशोधन 2007 साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने कारखान्यांच्या सांडपाण्यात 121 प्रतिजैविकांचे किती अंश चालतील, याच्या मर्यादा मसुद्यात घातल्या. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादाच नव्हत्या! कोलिस्टिन हे अखेरच्या फळीतील औषध कोंबड्यांना व गुरांना देण्यावर याच केंद्र सरकारने 2019 साली बंदी घातली होती. तेव्हा अधिकार नाहीत, ही सबब चालणार नाही.

अशा जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगभर सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. कारखानदाराने सांडपाण्यावरचा खर्च वाचवला. त्याची भरपाई मजुराचे कुटुंब महागड्या इंजेक्शनांसाठी कर्ज काढून करते. वगळलेल्या मर्यादा पुन्हा घाला आणि पाणी तपासण्याचा खर्च कारखान्यांकडून वसूल करा, ही मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे. शिंदखेडा व दोंडाईचा येथील कार्यकर्त्यांनी तोवर नगरपालिकांना एक साधा प्रश्न लेखी विचारावा : गावातल्या रुग्णालयांचे पाणी नेमके कुठे जाते?