गाळलेल्या जागा भरू नका!

मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा, 'गाळलेल्या जागा भरा'. नोकरीची सगळी वर्षं मी तो काढला आणि तपासला. आता मात्र त्याच्याविरुद्ध लिहायला बसले आहे. कारण हा प्रश्न हल्ली यंत्रं सोडवतात, आणि आपण त्यांना न तपासताच पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे होतो.

विषय जुन्या खेळण्यांचा आहे. टेबलावर मावणारा लेसर स्कॅनर घ्यायचा, खेळणं त्याच्या थाळीवर ठेवायचं, की थोड्या वेळात कॉम्प्युटरवर त्याचं हुबेहूब मॉडेल तयार. मग म्हणायचं, "झालं जतन!" जतनाला माझा विरोध नाही. लाख उडते, लाकूड किडतं, घर बदलताना पेटी हरवते. तेव्हा मापं घेऊन ठेवायलाच हवीत. माझं भांडण 'हुबेहूब' या शब्दाशी आहे.

हे यंत्र करतं काय ते आधी पाहू. लेसरची बारीक रेघ वस्तूवर पडते. बाजूला तिरका बसवलेला कॅमेरा ती रेघ कुठे कशी वाकली ते टिपतो. दोघांमधलं अंतर आणि कोन ठाऊक असतात, त्यावरून प्रत्येक बिंदूची जागा निघते. म्हणजे आपली शाळेतली त्रिकोणमितीच. थाळी थोडी थोडी फिरते, लाखो बिंदू जमतात, आणि ते त्रिकोणांनी जोडले की मॉडेल झालं.

पण जिथे लेसर पोचत नाही किंवा कॅमेऱ्याला दिसत नाही, तिथे बिंदूच मिळत नाहीत. बैलाच्या पायांमधली जागा, घागरीच्या आतली बाजू, खोल खाचा. काळा रंग प्रकाश गिळून टाकतो, चकचकीत लाख तो भलतीकडेच उडवते. (त्यावर उपाय म्हणून काही जण जुन्या खेळण्यावर चक्क पांढरी पावडर फवारतात. हे जतन!) म्हणून कच्च्या मॉडेलला भोकं असतात. मग सॉफ्टवेअर पुढे सरसावतं आणि कडेच्या वळणावरून अंदाज बांधून ती बुजवतं. २०१३ साली मेकरबॉट कंपनीने डिजिटायझर नावाचा असाच स्कॅनर आणला होता. दोन लेसर, एक कॅमेरा, साधारण १२ मिनिटांत वस्तू तयार. मॉडेल आपोआप 'वॉटरटाइट' होऊन मिळतं, हा त्याचा गुण म्हणून सांगितला जाई. वॉटरटाइट, म्हणजे एकही भोक शिल्लक नाही!

आता आमच्या घरचं उदाहरण. आईने सावंतवाडीहून आणलेल्या लाकडी भातुकलीतलं जातं भाच्याने स्कॅन केलं. दिसायला फार सुरेख. पण वैरण घालायचं तोंडच नाही! भोक अरुंद आणि खोल, आत काही दिसलं नाही, सॉफ्टवेअरने वरून झाकण घातलं. जात्याला तोंड नाही तर दळायचं कसं? आणि खुंट्यावर माझ्या धाकट्या बहिणीच्या दुधाच्या दातांचे ठसे होते. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक आहेत. ते 'नॉइज' समजून गुळगुळीत केले गेले. भाचा म्हणाला, "मावशी, आता कसं नव्यासारखं दिसतंय!" अरे, नवं हवं असतं तर बाजारातून आणलं असतं.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, थ्रीडी प्रिंटरला बंद मॉडेलच लागतं. मान्य. छापायची प्रत बुजवा, पण कच्ची प्रत शेजारी ठेवा. फेअर वही लिहिली म्हणून कच्ची वही कोणी जाळत नाही. दुसरं उत्तर, "खेळणंच तर आहे!" याचा मला खरा राग येतो. राजाच्या तलवारीवर दहा जण ग्रंथ लिहितात. पोरीच्या जात्याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. ते कोणी, कसं वापरलं याचा पुरावा त्या जात्यावरच असतो, आणि तोच आपण घासून टाकतो.

बरं, प्रामाणिकपणे भरायची रीत आपल्याकडे आहेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९६६ मध्ये १८ पर्वं पूर्ण झाली. शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली, तरी जिथे पाठाची खात्री वाटली नाही, तिथे सुकथनकरांसारख्या संपादकांनी त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ मारली. वाचणाऱ्याला कळावं, की इथे आमचा अंदाज आहे. एवढ्या विद्वानांना जी रेघ मारायला लाज वाटली नाही, ती आपल्या सॉफ्टवेअरला का वाटावी?

आणि हे अवघड नाही. साध्या एसटीएल फायलीत नुसते त्रिकोण असतात, पण पीएलवाय फायलीत बिंदूंना रंग देता येतो. मोजलेला भाग एका रंगात, भरलेला दुसऱ्या. एवढंच मागणं आहे. सोबत चार ओळी लिहा: खेळणं कोणाचं, मापं काय, कुठे दिसलं नाही, काय भरलं. आणि मूळ खेळणं फेकू नका.

उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, असं मी मुलांना सांगायची. कोऱ्या जागेवरून निदान पुढे काय शिकवायचं ते कळतं. ठोकून दिलेलं उत्तर मात्र शंभर वह्यांच्या गठ्ठ्यात खपून जातं. आज आमच्या जात्याची ती सुरेख फाईल कुटुंबात सगळ्यांच्या फोनवर फिरते आहे. आणखी वीस वर्षांनी कोणीतरी पणती विचारेल, "यात दाणे घालायचे कुठून?" तेव्हा सांगायला आमच्यापैकी कोण असेल?

असो. भाच्याला कच्ची फाईल शोधायला सांगितलं आहे. तुमच्याकडेही अशी स्कॅन केलेली खेळणी असतील, तर ती आधी मूळ वस्तूशेजारी ठेवून पाहा. काय काय बुजलंय ते मला जरूर कळवा.