घनता वाढली, फ्रॅक्चर थांबले नाहीत

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हा जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार. साधारण पंधरा-वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. अशा बाळाचा लंगोट बदलताना घोटे धरून पाय उचलायचे नसतात. कमरेखाली तळहात सरकवून त्याला अलगद वर घ्यावं लागतं, नाहीतर मांडीचं हाड मोडू शकतं. अशा घराला नव्या औषधाची किती ओढ असते, हे वेगळं सांगायला नको.

सेट्रुसुमॅब या नव्या औषधाने ती ओढ वाढवली होती. 2023 मध्ये अल्ट्राजेनिक्स आणि मेरेओ या कंपन्यांनी 24 रुग्णांचे निष्कर्ष जाहीर केले: फ्रॅक्चरचं वार्षिक प्रमाण 67 टक्क्यांनी घटलं. मंजुरी आता हाकेच्या अंतरावर आली, असं अनेकांना वाटलं. मात्र चाचणीच्या त्या टप्प्यात सगळ्यांनाच खरं औषध दिलं होतं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुकतीच हाडं मोडलेली मुलं निवडली की पुढच्या वर्षी आकडा औषधाविनाही खाली येऊ शकतो.

डिसेंबर 2025 च्या अखेरीस तिसऱ्या टप्प्याचा निकाल लागला. ‘ऑर्बिट’ चाचणीत तुलना होती औषधविरहित इंजेक्शनशी, ‘कॉस्मिक’मध्ये जुन्या बिस्फॉस्फोनेट औषधांशी. दोन्हीकडे हाडांची घनता वाढली, पण फ्रॅक्चर लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. आईबापांना घनतेचा आलेख नको, न मोडलेलं हाड हवं. औषध नियंत्रकांनीही तेच मागावं. या निकषावर सेट्रुसुमॅबच्या मंजुरीची शक्यता आज धूसर आहे.

वऱ्हाडाचा याच्याशी थेट संबंध आहे. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघाने मंजूर केलेल्या दुर्मिळ आजारांवरच्या औषधांना भारतातल्या चाचणीतून सूट देण्याचा आदेश ऑगस्ट 2024 मध्ये निघाला. म्हणजे तिकडचा निर्णय चुकला, तर त्याची झळ अकोल्यातल्या मुलालाही बसेल.

तोवर हाताशी काय आहे? पॅमिड्रोनेट आणि झोलेड्रोनेट, म्हणजे सलाइनमधून दिली जाणारी तीच जुनी बिस्फॉस्फोनेट औषधं. मॉन्ट्रियलच्या डॉ. फ्रान्सिस ग्लोरिओ यांनी पॅमिड्रोनेटचा मुलांवरचा परिणाम 1998 मध्ये मांडला. फ्रॅक्चर किती टळतात याचा पुरावा इथेही हवा तितका ठाम नाही. तरी जगभर उपचाराचा कणा हाच आहे, आणि नवं औषध त्याला मागे टाकू शकलं नाही. केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात हा उपचार तुलनेने कमी खर्चाच्या गटात आहे. 2022 पासून 50 लाखांपर्यंतची मदतही आहे, पण ती निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. त्यातलं एक मुंबईचं केईएम. अमरावतीहून तिथे पोचायचं म्हणजे प्लॅस्टरमधलं लेकरू घेऊन रात्रभर रेल्वेत.

म्हणून राज्य सरकारने अकोल्याच्या सर्वोपचार आणि अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात या सलाइनची, त्याआधीच्या कॅल्शियम तपासणीची आणि फिजिओथेरपीची पक्की सोय करावी. केईएमच्या तज्ज्ञांनी उपचार ठरवून द्यावेत, पुढचे डोस मात्र जिल्ह्यातच मिळावेत. त्यासाठी कुठल्याही नव्या मंजुरीची वाट पाहायची गरज नाही.