बंधारा नकाशावर आहे, गेट कुठं आहेत?

पोस्ट लांब आहे. ज्यांचं वावर नदी-नाल्याच्या काठी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

कोल्हापुरी बंधाऱ्याचं, म्हणजे आपल्या केटी वेअरचं, काम वर्षातून दोनदाच असते. पावसाळा सरला, ऑक्टोबरचा मध्य उलटला, की खांबांमधल्या खाचेत लोखंडी गेट टाकायचे. उन्हाळा सरताना, मिरगाच्या आधी, ते काढून नीट ठेवायचे. झालं. गेट वेळेवर पडले तर हरभरा-गव्हाला पाणी मिळते, काठच्या विहिरी मार्चपर्यंत टिकतात, संत्र्याच्या बागेला ऐन उन्हाळ्यात एखादं पाणी जास्त देता येते. नाही पडले तर तो बंधारा राहत नाही, नदीत उभे केलेले सिमेंटचे खांब राहतात. काटोल-नरखेडकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. तिकडं बोअर किती खोल गेले ते त्यांनाच विचारा.

आता प्रश्न. तुमच्या गावच्या बंधाऱ्याला एकूण गेट किती? त्यातले आज जागेवर किती? ते ठेवलेत कुठं? मागच्या वर्षी कोणत्या तारखेला टाकले? हे एका ठिकाणी लिहिलेलं कुठं मिळते का, सांगा.

मजा अशी की बंधारा नकाशावर नाही असं कोणी म्हणू शकत नाही. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये आलं तेव्हापासून कामाचा फोटो अक्षांश-रेखांशासह ॲपवर चढवायची पद्धत आली. ते नकाशाचं काम करणारी संस्था आपल्याच नागपुरात आहे, व्हीएनआयटीच्या आवारातलं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र. पुढं केंद्र सरकारनं देशातली पहिली जलसाठ्यांची गणना केली, तिचा अहवाल एप्रिल २०२३ मध्ये आला. देशात २४ लाख २४ हजार ५४० जलसाठे, त्यात महाराष्ट्रात ९७ हजार ६२. पाझर तलाव, बंधारे अशा जलसंधारणाच्या कामांत आपला नंबर देशात पहिला. म्हणजे बांधण्यात आपण मागं नाही, आणि ठिपके लावण्यातही नाही.

पण हा ठिपका केव्हा लागते? काम पूर्ण झालं, बिल निघायचं आहे, तेव्हा. फोटोत बंधारा नवाकोरा असते, गेटला रंग असते, बाजूला फलक असते. त्यानंतर त्या ठिपक्याकडं परत कोण जाते? नकाशा सांगते की इथं बंधारा बांधला होता. आज तो पाणी अडवते की नाही, हे नकाशाला माहीत नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

मागं एका बंधाऱ्यावर गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या लोकांनाच त्रास होईल. कागदावर बंधारा सुस्थितीत. प्रत्यक्षात निम्म्या खाचा रिकाम्या, उरलेल्या गेटांचं रबर गेलेलं, फटीतून पाण्याची धार सुरू. काठावरच्या एका म्हाताऱ्या कास्तकाराला विचारलं तर म्हणाला, "गेट त कवाचेच गेले जी. भंगारवाल्याचा काटा लोखंड पाह्यते, बंधारा नाही पाह्यत." मग दोन कार्यालयांत चौकशी केली. पहिल्यानं सांगितलं बंधारा दुसऱ्याकडं आहे, दुसऱ्यानं सांगितलं केव्हाच हस्तांतरित केला. कोणाकडं, ते कोणी सांगितलं नाही.

ही टोलवाटोलवी होते कारण मालकीच तशी वाटलेली आहे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमता असलेलं काम जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडं. त्यावरचं सहाशे हेक्टरपर्यंतचं राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडं. त्याहून मोठं जलसंपदाकडं, म्हणजे आपल्याकडं विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडं. शिवाय कृषी विभागानं बांधलेले सिमेंट नाला बांध वेगळे. नदी एकच आहे. जाम असो, कोलार असो की नांद, वरून खाली चालत या, दर काही किलोमीटरवर खातं बदलते. कास्तकाराला काय माहीत कोणता खांब कोणाचा?

काही जण म्हणतील, दोन-चार गेट नाही टाकले तर एवढं काय? एक म्हणजे पाणी गेलं ते गेलं, रब्बीचा हंगाम थांबत नाही. पण दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. गेट वेळेवर काढले नाही तर पहिल्याच पुराचं पाणी खांबांत अडकते, पऱ्हाट्या, झाडाच्या फांद्या, सगळा कचरा येऊन तिथं बसते, आणि नदी मग बाजूनं वाट काढते. काठ खरडून कोणाचं तरी वावर घेऊन जाते. घाईनं लवकर टाकले आणि परतीचा पाऊस जोरात आला तरी हेच. बंधारा शाबूत, बाजूचा एकर गायब, असा प्रकार काठच्या लोकांनी पाह्यला असेल. तेव्हा तारीख हीसुद्धा देखभालच आहे, आणि ती कुठंतरी लिहिली गेली पाहिजे.

हे होऊ शकत नाही असं मला कोणी सांगू नये. दर पावसाळ्यात टीव्हीवर काय ऐकता? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. नागपूरच्या पानठेल्यावर बसलेल्या माणसालाही हे आकडे पाठ आहेत. कोणते बंधारे पाण्याखाली गेले त्याची नदीवार यादी निघते, पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, सगळे नावानिशी. बंधाऱ्याची पद्धत आपण त्यांच्या नावानं घेतली, यादी ठेवायची सवय तिथंच राहिली. त्यांच्याकडं पुराची भीती आहे म्हणून नोंद होते, हे खरं. आपल्याकडं जानेवारीतल्या कोरड्या पात्राची भीती कोणाला वाटत नाही, कारण कोरडं पात्र टीव्हीवर दाखवण्यासारखं नसते.

दूरचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत मिसिसिपी नदीत काठापासून प्रवाहात आत जाणारे दगडी बांध आहेत, विंग डॅम म्हणतात. बोटींसाठी मधली धार खोल राहावी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते घातले. वरच्या भागात १९३० च्या दशकात मोठे बंधारे बांधून पाणी चढवलं तसे हे बांध बहुतेक पाण्याखाली गेले. तरी तिथल्या लष्कराच्या अभियंता विभागाच्या नदी-नकाशांवर त्यांच्या रेघा आजही आहेत, कारण न दिसणारा दगड बोटीच्या पंख्याला बरोबर सापडते. पाण्याखालचा बांध त्यांनी हिशेबात ठेवला. आपला तर उन्हात उघडा उभा आहे.

पैशाचं म्हणाल तर जलयुक्तवर ९,६३३.७५ कोटी खर्च झाले आणि भूजल वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं कॅगचा २०२० चा अहवाल सांगते. त्यावरून राजकारण भरपूर झालं. योजना बंद झाली, पुढं २.० म्हणून परत आली. आधी बांधलेल्याचं काय झालं, हे दोन्हीकडच्या नेत्यांनी गेटाच्या पातळीवर येऊन कधी विचारलं? शहरात २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, तेव्हा सांडव्यासमोर काय बांधलंय हा प्रश्न थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. गेला ते बरंच झालं. पण खेड्यातल्या बंधाऱ्यासाठी याचिका कोण करणार आहे?

मला आणखी एक ॲप नको. कर्मचारी आधीच कमी आहेत, ॲप आलं की फोटो काढायलाच माणूस पुरत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक तक्ता पुरेसा आहे. बंधारा कोणत्या खात्याचा, गेट एकूण किती, हजर किती, कुठं ठेवलेत, टाकल्याची तारीख, काढल्याची तारीख, गाळ कधी काढला. तोच तक्ता तालुक्याला आणि जिल्ह्याला जाऊ द्या, म्हणजे नकाशावरच्या त्या जुन्या ठिपक्याला दरवर्षी दोन तारखा चिकटतील. खोटं लिहिलं तर? तपासणीही महाग नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एक, दहा मीटरच्या बारकाव्यानं. अरुंद नाल्यात त्यातून नीट समजणार नाही, पण नदीवरच्या बंधाऱ्यामागं डिसेंबरात पाणी आहे की वाळू, एवढं कळते. आणि ते पाहणारी माणसं आपल्याच शहरात बसली आहेत.

गेट चोरणारे बाहेरून येत नाहीत, हेही बोललं पाहिजे. कधी गावातलाच कोणी असते, आणि गावाला माहीत असते. पण ज्याची मोजणीच नाही त्याची चोरी झाली हे सिद्ध कसं करणार? पोलिसांत तक्रार द्यायची तर आधी किती होते ते सांगावं लागते.

तेव्हा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय काढा. सचिवांना लेखी मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती कार्यालयानं न मागता जाहीर करायची असते, हेही सांगा. त्याआधी एकदा स्वतः बंधाऱ्यावर जाऊन खाचा मोजा, गेट मोजा, एकाच जागेवरून फोटो काढा आणि गावाचं, नदीचं नाव टाकून मला पाठवा. जानेवारीत त्याच जागेवरून परत काढा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी इथं लावतो.