बांधावरचे गवत कोणाचे?

ज्या देशाची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीखाली आहे, त्या नेदरलँड्सला अवर्षणाचे भय वाटावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु २०१८ च्या उन्हाळ्यात तेथील पूरबांधांवरचे गवत करपले, मातीला भेगा पडल्या आणि बांधांची पाहणी वाढवावी लागली. त्यापूर्वी २६ ऑगस्ट २००३ रोजी विल्निस गावी कालव्याचा बांध सरकून घरांत पाणी शिरले, तेव्हा वादळ नव्हते आणि पूरही नव्हता. कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेली बांधातील माती वाळून हलकी झाली होती, एवढेच.

गवत ही बांधाची शोभा नव्हे. बांधावरून उसळलेले पाणी आतल्या उतारावर धावते, तेव्हा माती धरून ठेवतात ती मुळे. १९५३ च्या सागरी प्रलयात १,८३६ माणसे प्राणास मुकली. त्या रात्री अनेक बांध याच आतल्या उताराने ढासळले. उन्हाळ्यात मेलेली हिरवळ शरदातील वादळांपूर्वी सावरत नाही, हा खरा धोका आहे.

उपाय अज्ञात नाही. भरपूर चाऱ्यासाठी खत घालून वाढविलेल्या एकाच जातीच्या गवताची मुळे उथळ राहतात. अनेक जातींची गवते व रानफुले एकत्र वाढू दिली, खत थांबविले, कापलेले गवत उचलून नेले, तर मुळे निरनिराळ्या थरांत खोल उतरतात आणि अवर्षणात सारेच एकदम मरत नाही. मात्र अशी हिरवळ घडण्यास वर्षे लागतात.

येथेच प्रश्न राजकीय होतो. बांधावरून अधिक चारा काढू पाहणाऱ्याचे हित आणि बांधामागे झोपणाऱ्या कुटुंबाचे हित एकच नसते. निवाडा करावयाचा तो जलमंडळांनी. तेराव्या शतकापासूनची ही परंपरा. मंडळे स्वतः कर बसवितात, त्यांच्या निवडणुका होतात. २०२३ पासून त्यांतील उद्योगधंद्यांच्या राखीव जागा गेल्या, हे योग्यच झाले. परंतु शेतजमीनधारक आणि निसर्गक्षेत्रांचे धारक यांच्या प्रत्येकी दोन जागा कायम आहेत. कर सर्वांनी भरावा आणि जागा मालकीने मिळावी, ही लोकशाही अपुरी होय.

या जागाही मतदारांच्या हाती द्याव्यात. गवताची निगा सर्वांत स्वस्त निविदेवर न सोडता, बांध ओळखणाऱ्या कायम कामगारांकडे सोपवावी. मुळांचे उद्घाटन कोणी मंत्री करीत नाही. म्हणूनच त्यांच्यासाठी लोकांनी आग्रह धरला पाहिजे.