सावलीतला आकडा, उन्हातली पायरी

जोतिबाचा डोंगर कोल्हापूरपेक्षा थंड असतो आणि तरीही चैत्र यात्रेत भर दुपारी दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय पोळतात. डोंगरावरचे गाव वाडी रत्नागिरी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फुटांवर आहे, तर शहर साधारण १,८५० फुटांवर. उंचीबरोबर हवेचे तापमान किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने वरची हवा अडीच अंशांनी गार भरते. डोंगर सूर्याच्या जवळ, म्हणून वर उष्मा अधिक, असे अनेक मुलांना वाटते. पण पंधरा कोटी किलोमीटरच्या अंतरात बारा-तेराशे फुटांनी काय फरक पडणार? हवा मुख्यतः तापलेल्या जमिनीमुळे तापते आणि वर चढताना प्रसरण पावून निवते. मग पाय का पोळतात, याचे उत्तर हवेच्या तापमानात मिळत नाही. सातवी-आठवीच्या विज्ञानात नेमकी हीच जागा आपण घाईने ओलांडतो, अशी माझी तक्रार आहे.

काळा बेसाल्ट सकाळपासून ऊन शोषत राहतो. ती उष्णता प्रारणाने येते. पाय टेकला की वहनाने ती तळव्यात शिरते. शेजारची लाकडी फळी तितकीच तापलेली असली तरी कमी चटका देते, कारण लाकडाची उष्णतावाहकता दगडाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. तापमान सारखे असूनही अंगाला मिळणारी उष्णता वेगळी असते, ती अशी. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून चारेक फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. गावागावांची, वर्षावर्षांची तुलना करायला तीच पद्धत योग्य. पण भाविक त्या पेटीत उभा नसतो. त्याच्या डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेला दगड आणि भोवती वारा अडवणारी गर्दी असते. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट, कोंदट हवेत ही वाटही अरुंद होते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने बळी गेले, तेव्हा परिसरातले नोंदलेले तापमान चाळिशीच्या आतच होते.

वहन, अभिसरण, प्रारण पाठ्यपुस्तकात आहेतच, असे कोणी म्हणेल. आहेत, पण व्याख्या लिहून गुण मिळवण्यापुरते. अनवाणी चालणे ही श्रद्धा, तिथे विज्ञान कशाला, हा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. श्रद्धेला धक्का न लावताही उष्णतेची वाट अडवता येते. पायरीवर पाणी शिंपडले की बाष्पीभवनात दगडाची उष्णता खर्च होते, काथ्याचे जाड पायपुसणे वहन रोखते, मांडव प्रारण अडवतो. हे उमगलेली मुले उद्या यात्रेत स्वयंसेवक म्हणून उभी राहतील, तेव्हा पाणी नेमके कुठे ओतायचे हे त्यांना सांगावे लागणार नाही. साधनांची सबबही टिकत नाही. शाळेच्या कपाटातला साधा तापमापक पुरेसा आहे. दुपारी सावलीतली हवा, अंगणातली फरशी आणि लाकडी फळी मोजावी, अंधार पडल्यावर पुन्हा मोजावी, आणि हवा निवल्यावरही फरशी इतकी गरम कशी, याचे कारण मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावे. परीक्षेतले थोडे गुण या लिखाणाला दिले, तर शिक्षकही त्यासाठी वेळ काढतील.