चार साक्षीदार कुठे आहेत?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मागच्या एका वर्षी सातवीतली एक हुशार मुलगी अचानक शाळेत यायची बंद झाली. चौकशी केली तेव्हा कळले की, तिच्या आईबद्दल मोहल्ल्यात "बोलले जात होते". आई बोईसरच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जायची आणि संध्याकाळच्या लोकलने वाणगावला उतरायची. स्टेशनाबाहेर ती कुणाशी तरी बोलताना दिसली. एवढाच काय तो पुरावा! तेवढ्यावर मोहल्ल्याने निकाल दिला आणि शिक्षा भोगली ती बारा वर्षांच्या मुलीने.

ती बाई कामाला का जात होती, हे मात्र कुणी विचारले नाही. तिच्या नवऱ्याने तीन वर्षे बोईसरला दुसरे बिऱ्हाड केले होते. हे सगळ्यांना ठाऊक होते. पुढे त्याने त्या दुसऱ्या बाईशी निकाह लावला आणि पहिलीचा घरखर्च बंद केला. वलीम्याच्या दावतीला सारा मोहल्ला गेला. आम्हीही गेलो. बिर्याणी चांगली झाली होती, असे म्हणत घरी आलो. तीन वर्षांच्या बदफैलीवर आम्ही सर्वांनी मिळून हात धुतले, आणि आम्हाला त्याची लाजही वाटली नाही.

ती आई मुलीचा दाखला न्यायला शाळेत आली, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला. "सर, लोकलच्या डब्यात शंभर बाया असतात. त्यातल्या एकीची तरी साक्ष काढली का कुणी?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. पण ते आमच्या धर्मग्रंथात आहे, आणि आपण ते रोज वाचतो. सूरह नूर काय सांगते? पाक स्त्रीवर तोहमत घेणाऱ्याने चार साक्षीदार आणले नाहीत तर त्याला ऐंशी फटके, आणि पुढे त्याची साक्ष कधीही ग्राह्य धरायची नाही. प्रत्यक्ष हजरत आयेशा यांच्यावर लोकांनी बोहतान रचले, त्याच प्रसंगाच्या संदर्भात या सूरहतील आयती उतरल्या. नजर खाली ठेवण्याचा हुकूमही त्याच सूरहत आहे, आणि तो आधी पुरुषांना आहे, नंतर स्त्रियांना. जिनाची सजा सांगताना स्त्री आणि पुरुष दोघांचाही उल्लेख आहे. खुद्द नवऱ्याने बायकोवर आरोप केला आणि त्याच्यापाशी साक्षीदार नसले, तर त्याला चार वेळा शपथ घ्यावी लागते आणि पाचव्यांदा खोटे बोलत असल्यास स्वतःवर अल्लाहची लानत मागावी लागते. उत्तरादाखल पत्नीनेही शपथा घेतल्या की तिच्यावरची सजा टळते. म्हणजे नवऱ्याचा शब्दसुद्धा एकतर्फी चालत नाही. मग नाक्यावरच्या पानवाल्याचा शब्द कसा चालतो?

कुणी म्हणेल, हे आपल्याच समाजाचे काय घेऊन बसलात? दुटप्पीपणा तर साऱ्या देशाच्या कायद्यातच होता. खरे आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ असे होते की, दुसऱ्याच्या पत्नीशी तिच्या नवऱ्याच्या संमतीविना संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! आणि आपल्या नवऱ्याच्या बाहेरख्यालीविरुद्ध पत्नीला या कलमाखाली दादच मागता येत नव्हती. बायको ही नवऱ्याची मालमत्ता, हा त्यामागचा विचार.

या कलमाला स्वतंत्र भारतात पहिले गाजलेले आव्हान मिळाले ते आपल्या मुंबईतून, युसुफ अब्दुल अजीज या आरोपीकडून. १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयात त्याचे वकील पीरभॉय यांनी हाच मालमत्तेचा मुद्दा मांडला. मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी कलम रद्द केले नाही. पण वकिलाचे म्हणणे बरोबर आहे आणि आधुनिक कायद्यात असे कलम असू नये असे म्हणता येईल, हे निकालपत्रात नोंदवून ठेवले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम कायम ठेवले. १९८५ साली सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ते पुन्हा उचलून धरले. अखेर २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ते रद्द केले. त्या पीठावर चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय होते. वडिलांनी राखलेले कलम मुलाने मोडले, यात कुणाला वडिलांचा अपमान दिसला नाही. चुकलेले दुरुस्त करण्यात अपमान नसतो. आपण मात्र वाडवडिलांची रीत म्हणत तीच चूक पिढ्यानपिढ्या सांभाळतो.

व्यभिचार आता फौजदारी गुन्हा राहिला नाही, म्हणून तो चांगला ठरला काय? मुळीच नाही. निकाह हा करार आहे. इजाब आणि कबूल दोन्ही बाजूंनी असतात. तो करार नवऱ्याने मोडला काय किंवा बायकोने मोडला काय, घर सारखेच उद्ध्वस्त होते. बायकाही चुकतात, आणि त्यांचीही वकिली आम्हाला करायची नाही. आमचे म्हणणे इतकेच की माप एक असावे. आज नवऱ्याचे लफडे सिद्ध झाले तरी "मर्द आहे" म्हणून सोडून देतात, आणि बायकोवर नुसता संशय आला तरी तिचे तोंड काळे करतात.

आणि लफड्यावर निकाहची चादर घालण्याचे काय? कुरआनाने एकापेक्षा अधिक पत्नींची मुभा न्यायाच्या अटीवर दिली. न्याय जमणार नाही असे भय असेल तर एकच, असे बजावले. तीन वर्षे चोरून बिऱ्हाड करून, पहिलीचे अन्न तोडून लावलेला निकाह हा कोणता न्याय? आपण ही चादर इतकी स्वस्त केली की बिगरमुस्लिम नवरेसुद्धा ती पांघरायला आले. दुसरे लग्न करता यावे म्हणून धर्म बदलणाऱ्या हिंदू पतींना १९९५ साली सरला मुद्गल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. ज्या धर्माने व्यभिचाराला महापाप मानले, तो धर्म लोकांना व्यभिचाराची पळवाट वाटावा, यापरता दुसरा अपमान कोणता? तेव्हा मात्र आपल्यापैकी कितीजणांच्या भावना दुखावल्या?

आमच्या भगिनींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा अजून लागू आहे. कायदेमंडळात तो एका मुस्लिम सदस्यानेच मांडला होता. नवरा बदनाम स्त्रियांच्या संगतीत राहत असेल, किंवा एकाहून अधिक पत्नी असताना कुरआनाच्या आदेशाप्रमाणे समान वागवत नसेल, तर पत्नी न्यायालयातून फारकत मागू शकते. नवऱ्याने तिच्यावर बदफैलीचा खोटा आळ घेतला, तरीही तिला दाद मागता येते. निकाह लावताना हे किती काझी मुलीला सांगतात? महराची रक्कम तेवढी मोठ्याने वाचतात.

जमातींनी आता दोन गोष्टी कराव्यात. साक्षीवाचून एखाद्या बाईचे नाव बैठकीत निघाले तर नाव काढणाऱ्याला आधी जाब विचारावा. आणि पहिलीचा खर्च बंद करून कुणी दुसरा निकाह लावायला आला तर त्याच्या वलीम्याला जाऊ नये. एवढ्यासाठी ना सरकारचा कायदा लागतो, ना मुफ्तीचा फतवा. उठून घरी जाण्याची हिंमत लागते.

ती हिंमत त्या दिवशी आम्हाला झाली नाही. ती मुलगी आता दुसऱ्या गावी शिकते. तिच्या आईचा प्रश्न आमच्या वर्गातल्या तिच्या रिकाम्या बाकावर तसाच पडून आहे. त्याचे उत्तर आम्हा सर्वांना द्यावे लागेल. इथे दिले नाही, तर तिथे द्यावे लागेल, आणि तिथे कुणा पानवाल्याची साक्ष चालणार नाही.